रविवारी मी घरी नसते

नागपूर, २ ऑगस्ट २०२३

ताई,

डब्यात अनारसे आहेत. आईनं पाठवले, मी नाही. हे पहिलेच सांगून ठेवते, नाहीतर तू डबा उघडशील अन् रडत बसशील की मिनलचा राग गेला. गेला नाही.

धोंड्याचा महिना लागला तेव्हापासून आईनं घर डोक्यावर घेतलं होतं. तांदूळ भिजव, वाळव, खसखस आण, ही खसखस जुनी आहे, दुसरी आण. मी म्हटलं, आई, इतकं कोणासाठी? तर म्हणे, "कोणासाठी म्हंजे? मले जावई नाही का?" मग माझ्याकडे पाहिलं. अन् हळूच म्हणे, "गुंजनचे रोहितराव आहेत ना वं." मी गॅस बंद केला अन् बाल्कनीत जाऊन उभी राहिली. मागच्या धोंड्याच्या महिन्यात याच पोळपाटावर सुशीलचे अनारसे थापले होते तिनं. तो खात जाय अन् म्हणत जाय, "आई, तीन वर्षांतून एकदाच काहून? दरवर्षी करत जा." पुढचा धोंड्याचा महिना त्यानं पाहिला नाही.

तुझा नंबर ब्लॉक केला आहे, तो तसाच राहीन. फोनवर तुझा आवाज आला की माझ्या अंगाची लाही होते, अन् मग मी आईसमोर काहीतरी बोलून जाईन. लिहिताना निदान खोडता येते.

आईले वाटते, सुशीलच्या मातीले तू आली नाही म्हणून मी डूख धरून बसली. उठता बसता मले ऐकवते. "अवं, तेव्हा कोणालेच येऊ देत नव्हते. तिच्यावर कायले राग? इतकं आखडू मन बरं नाही बाईच्या जातीले." मी ऐकून घेते. तिले तेवढंच माहीत राहू दे.

त्या गोळीची गोष्ट मले तिनंच सांगतली होती. सुशीलची तेरवी झाली, मी भिंतीले टेकून बसली होती, अन् ही मोठ्या कौतुकानं म्हणे, "गुंजन लय हुशार बरं. माझ्या ऑपरेशनच्या दिवशी सकाळी अंग कोमट लागलं तर ऑटोतच मले तापाची गोळी देल्ली. दवाखान्याच्या गेटवर ताप निघाला तर परत पाठवतीन म्हणून. रोहितरावच्या खोकल्याचं विचारलं तर नाही म्हणून मोकळी." माझं मन रमवायले सांगत होती बिचारी. आपण काय बोलून गेलो ते तिले कळलंही नाही. माझ्यासाठी तू त्या दिवशी मेली.

अनारसे भाऊजीले दे. डबा परत पाठवू नको.

मिनल


नागपूर, ११ ऑगस्ट २०२३

ताई,

परत पाठवू नको म्हटलं होतं. तू पाठवला, वरून शेंगदाण्याचे लाडू भरून. आईनं दोन खाल्ले. मी हात लावला नाही.

लाडवांखालची चिठ्ठी आईच्या हाती लागली असती म्हणजे? डोकं आहे का तुले? "एकदा येऊ दे, आईच्या पाया पडून सगळं सांगून टाकते, मग तू म्हणशील ती शिक्षा." वा! तुझं मन मोकळं व्हावं म्हणून आईले मारायचं? आपल्या ऑपरेशनपायी जावई गेला हे कळलं तर ती काय करन? अन्न सोडन. तिले वाटते सुशीलले दवाखान्यातल्या कोण्या तरी पेशंटपासून झालं. तो पेशंट ती स्वतः होती, हे तिले कधीच कळू द्यायचं नाही. ऐकलं? कधीच.

तू लिहिते, "मले काय समजत होतं, मी काय तुझ्यासारखी नर्स आहो?" नसन समजत. म्हणून आज समजावून सांगते.

पेशंटले भूल दिली की त्याच्या श्वासनलिकेत नळी घालावी लागते. तेव्हा त्याचा श्वास, थुंकी, सगळं हवेत उडते. कोरोनात ऑपरेशन करायचं तर सगळ्यात भीतीची वेळ तीच. म्हणून तेवढ्यापुरतं सर्जनपासून झाडूवाल्या मावशीपर्यंत सगळे बाहेर. एसी बंद. आत दोघंच, भुलीच्या डॉक्टर अन् त्यांचा टेक्निशियन, म्हणजे सुशीलचं काम. नळी नीट बसली, हवा निवळली, की मग बाकीच्यांनी आत जायचं. आम्ही दाराबाहेर किट घालून घामानं निथळत उभे राहत असू. अन् या सगळ्याच्या पहिले गेटवर दोन साधे प्रश्न. ताप आहे का? घरात कोणाले खोकला आहे का?

तू दोन्हीले नाही म्हटलं. भाऊजी बुटीबोरीच्या कंपनीतून बसनं खोकत येत होते अन् तू नाही म्हटलं. आईले तुझ्याकडे जरीपटक्याले मीच ठेवलं होतं, कारण आम्ही दोघं नवरा-बायको दवाखान्यातले, आमच्यापासून तिले काही होऊ नये. दोन दिवस पहिलेचा स्वॅब निगेटिव्ह होता. पुढचं तुझ्या खरं बोलण्यावर होतं.

माहीत आहे मले, दोनदा तारीख पुढं गेली होती. छातीतली गाठ वाढून राहिली होती, तू रोज रात्री फोनवर रडत होती. ते मी विसरली नाही.

त्या दिवशी सुशीलची सुट्टी होती, तरी आईसाठी आला. चारुलता मॅडमनं, म्हणजे आमच्या भुलीच्या डॉक्टरनं, मले आत उभं राहू दिलं नाही. म्हणे, सख्खी मुलगी नको, हात कापतील. सुशील म्हणाला, "मी तर जावई. परक्याचा पोरगा. मले चालते." हसत होता. किट घातल्यावर कोण कोणता ते कळत नसे, म्हणून आम्ही गाउनवर मार्करनं नावं लिहीत होतो. त्यानं नाव नाही लिहिलं. हे मोठ्या अक्षरात "जावई" लिहिलं छातीवर, आईले ओळखू यावं म्हणून. आमची अख्खी ओटी, ऑपरेशन थिएटर, हसली.

तीन दिवसांनी आई पॉझिटिव्ह निघाली. त्याच आठवड्यात तो. आई खोकत खोकत उठून बसली. तो नाही उठला.

तू म्हणशील, त्याले दुसरीकडूनही झालं असन. झालं असन वं. त्या मार्चमध्ये नागपुरात कुठून होत नव्हतं? कोणीच छातीठोक सांगू शकत नाही, अन् माझी झोप त्याच्यानंच उडाली. पक्कं माहीत असतं तर तुले मनभर शिव्या देऊन मोकळी झाली असती.

लाडू चांगले झाले होते म्हणे.

मिनल


नागपूर, २० फेब्रुवारी २०२४

ताई,

आईची पाठ महिन्यापासून दुखून राहिली होती. मले वाटलं गादी बदलली म्हणून. काल स्कॅन केला. रोग परत आला. मणक्यात आहे, लिव्हरमध्येही आहे.

सर्जन माझ्या ओळखीचे. आजवर त्यांच्या हातात किती वेळा चाकू दिला असन मी. त्यांनी फोटो पाहिले, चष्मा काढला, म्हणाले, "सिस्टर, आता ऑपरेशनचं काम नाही." मी म्हटलं, "नीट पहा ना सर." ते पाहत राहिले माझ्याकडे, फोटोकडे नाही.

आईले सांगतलं की हाडं झिजली. तिनं मान हलवली. घरी आल्यावर म्हणे, "गुंजनले बोलाव."

म्हणून हे लिहून राहिली. दर रविवारी ये. रविवारी मी घरी नसते, ड्यूटी मागून घेतली आहे. किल्ली शेजारच्या यमुताईकडे राहीन. सकाळी नऊनंतर ये, अन् संध्याकाळी मी यायच्या पहिले नीघ. तुझी चप्पल दारात दिसली तर मी जिन्यातच बसून राहीन, हे लक्षात ठेव.

गोळ्या फ्रिजवरच्या डब्यात आहेत. दुखण्याची गोळी जेवणानंतरच. तिले एकटीले बाथरूममध्ये जाऊ देऊ नको, ती मोठ्या तोऱ्यात "मले जमते" म्हणन, तिचं ऐकायचं नाही. अन् माझी शपथ आहे तुले, त्या गोळीबद्दल, खोकल्याबद्दल, सुशीलबद्दल एक शब्द नाही. रडायचं असन तर यमुताईकडे जाऊन रड.

मिनल


नागपूर, ६ एप्रिल २०२४, शनिवार

ताई,

ही चिठ्ठी चहाच्या डब्याखाली ठेवून राहिली. उद्या चहा करशील तेव्हा सापडन.

पहिली गोष्ट, मिठाची बरणी वरच्या फळीवर कोणी ठेवली? दोन दिवस शोधली मी. माझं स्वयंपाकघर आहे हे. दुसरी गोष्ट, रविवारी तू झुणका करते अन् सोमवारपासून आई माझ्या खिचडीकडे अशी पाहते की जशी मी तिले औषध वाढून राहिली. रविवारीही खिचडीच कर, नाहीतर मले तरी झुणका शिकव. नाही, शिकवू नको.

तिसरी गोष्ट. तू तिचे केस धुतले, तेल लावलं, बारीक वेणी घातली. मी ड्यूटीवरून आली तर ती खुर्चीत बसून आरशात पाहत होती, नवरीसारखी. मले कित्येक दिवसांत सुचलं नाही वं हे. बीपी घेते, गोळ्या देते, कूस बदलवते, चादर बदलते. वेणी सुचली नाही. मले तुझा इतका राग आला, अन् कायचा आला तेही कळलं नाही.

यमुताईनं सांगतलं की तू जाताना जिन्यात बसून रडते. मी काही विचारलं नव्हतं.

आईनं नवीन धरलं आहे. "तुम्ही दोघी एका घरात येता, पण एकमेकींची सावली पडू देत नाही. मी काय आंधळी आहो? माझ्यासमोर एकदा दोघी एका ताटात जेवा. मग मी मोकळी." रोज संध्याकाळी हेच. काल मी चिडली, म्हटलं, आई, मले नाही जमत. तिनं तोंड भिंतीकडे केलं. रात्री जेवलीच नाही. तिच्याजवळ किती दिवस उरले, हे मले तिच्या डॉक्टरपेक्षा जास्त कळते, तरी माझ्या तोंडून हो निघालं नाही.

खरं सांगते, तुझा उरलेला झुणका मी रात्री उभ्यानंच खाते, ओट्यापाशी. तेवढं जमते. तुझ्यासमोर बसून, तुझ्या तोंडाकडे पाहत घास नाही उतरणार. तू गेटवर "नाही" म्हणून राहिली, तेच दिसन मले.

उद्या तिची पाठ शेकून दे. मीठ खाली ठेव.

मिनल


नागपूर, १६ मे २०२४

ताई,

हे पत्र यमुताईच्या हातानं पाठवून राहिली. त्या तशाही जरीपटक्याले बहिणीकडे जाणार होत्या. वाचलं की त्यांच्यासोबतच नीघ. का ते सांगते.

काल चारुलता मॅडम आईले पाहायले आल्या. बसल्या, आईचा हात हातात घेतला. आईनं ओळखलं नाही, पण हसली. आता ती बहुतेक झोपूनच राहते. दोन चमचे पाणी गेलं तर खूप. मॅडम निघाल्या, मी खाली गेटपर्यंत गेली, तर त्या कारचं दार धरून उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "मिनल, एक गोष्ट मी तीन वर्षं तुझ्यापासून लपवून ठेवली. आता आईकडे पाहून राहवत नाही."

त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

आईले टेबलावर घेतलं तेव्हा तिचा चष्मा आम्हीच बाहेर काढून ठेवला होता. तिले त्याच्याशिवाय हाताएवढी अक्षरं दिसत नाहीत, तुले माहीत आहे. बाकी सगळे बाहेर गेले, दार लागलं. समोर दोन पांढरी भुतं, डोळेही दिसत नाहीत, आवाजही येत नाही. छातीवरचं "जावई" तिले कुठून वाचता येणार? आई उठून बसली. "मले घरी जाऊ द्या. मले नाही करायचं." सुशील म्हणत होता, मी सुशील, मी सुशील. तिले काही ऐकू येईना. ती टेबलावरून पाय खाली सोडायले लागली. मॅडम म्हणाल्या, "मी भांडून कोणाला भूल देत नाही. रद्द करू, पुन्हा तारीख देऊ." तिसऱ्यांदा, ताई.

सुशीलनं तोंडावरची शील्ड वर केली. मास्क गळ्यावर ओढला. वाकून तिच्या तोंडाजवळ तोंड नेलं अन् म्हणाला, "आई, मी आहो. जावई."

आईनं पाहिलं. अन् दोन्ही हात डोक्याकडे नेले, पदर घ्यायले. जावयासमोर उघड्या डोक्यानं कधी आली का ती? पदर कुठला, ओटीची टोपी होती डोक्यावर. ती टोपीच दोन्ही हातांनी पुढं ओढली तिनं, अन् चूपचाप आडवी झाली. सुशील मास्क वर घेतच होता, तेवढ्यात ती खोकली. त्याच्या तोंडावर.

मॅडम त्याले रागावल्या. बाहेर जा, तोंड धू, दुसऱ्याले पाठव. तो म्हणाला, "आता गेलो तर त्या परत उठतीन मॅडम. होऊ द्या." मग भूल दिली, नळी घातली. भुलीच्या औषधानं आईले त्यातलं काहीच आठवत नाही. आठवत असतं तर गोळीसारखं हेही तिनं कौतुकानं सांगतलं असतं.

मी मॅडमले म्हटलं, मले काहून नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तू आईला जेवू घालू शकली असतीस का?" गाडी गेली तरी मी गेटपाशीच उभी.

मूर्ख माणूस. मास्क खाली करायचा नाही, काहीही झालं तरी करायचा नाही, हे ओटीतल्या साऱ्या पोरींना यानंच शिकवलं होतं. त्यांच्यावर ओरडत जाय. अन् सासू घाबरली तर याले राहवलं नाही. इतका राग आला मले त्याचा, इतका राग की त्याच्या फोटोसमोर जाऊन बोंबलली. अन् मग त्याची अशी आठवण आली ताई, की मी तिथंच खाली बसली.

नंतर आत गेली. आईच्या ओठाले ओला कापूस लावायचा होता. लावला. तिनं डोळे उघडले, म्हणे, "गुंजन?" मी म्हटलं, मिनल. "दोघी?" म्हणे. मी म्हटलं, हो, दोघी. खोटंच. तिनं डोळे मिटले.

तिच्याजवळ बसून मी विचार करत राहिली. तू आईले निवडलं. त्यानंही आईले निवडलं. तुमच्या दोघांमुळंच ती तीन वर्षं जगली, त्या दिवशी ते ऑपरेशन झालं नसतं तर कधीच गेली असती. हे मले सगळं समजते, मी नर्स आहो. ती तीन वर्षं मले मिळाली. तिच्या हातचं खाल्लं, तिच्या शिव्या खाल्ल्या, तिच्या कुशीत झोपली. फक्त मले कोणी विचारलं नाही. अन् ताई, विचारलं असतं ना, तर मी सुशीलचं नाव घेतलं असतं.

हे मी कोऱ्या कागदावर लिहून राहिली अन् ती समोर झोपली आहे. तिचं सगळं मी करते. हगणंमुतणं काढते, कधी नाक मुरडलं नाही. तिच्यावर माझा जीव नाही असं नाही, तुले माहीत आहे. तरी सुशीलचंच नाव घेतलं असतं. एकदा नाही, शंभरदा घेतलं असतं. काल रात्रीपासून तिच्या तोंडाकडे पाहते अन् मनात तेच येते. अन् ती झोपेत हात शोधते तर माझाच हात तिच्या हातात असते.

हे कोणाले सांगू? मॅडमले नाही सांगता येत. यमुताईले नाही. आईले तर मरेपर्यंत नाही. जिचं तोंड पाहायचं नाही म्हणून मी जिन्यात बसायले तयार होती, तिच्याशिवाय हे ऐकणारं मले जगात कोणी उरलं नाही.

तुले माफ केलं का, ते विचारू नको. मले माहीत नाही. आईसमोर ताट एकच घेऊ. घास उतरला तर उतरला.

पण लवकर ये वं ताई. मले तिच्याजवळ एकटीनं बसवत नाही आता.

मिनल